चार बोटं माया

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१२ जानेवारी २०२५

सौ. सुलभा हिस,
सप्रेम नमस्कार.

तीस वर्षांनी पत्र आलेलं पाहून दचकू नकोस. तुमच्या मंडळातली नीलांबरी इथे लेकीकडे आली होती. ती म्हणाली, सुलभाताईंना हल्ली ऐकू कमी येतं, फोन घेत नाहीत, पण शिवणाचं मशीन अजून रोज चालतं. ऐकून बरं वाटलं. माझी बोटं तर संधिवाताने पार आखडली आहेत.

मुद्द्यावर येते. माझी नात रुही हिचं डिसेंबरमध्ये कोर्टात लग्न झालं. मुलगा फ्रिस्कोचा, अनीश. आता मोठं रिसेप्शन इथे १७ मेला आणि दुसरं त्यांच्याकडे टेक्ससला १२ जुलैला. पोरीने हट्ट धरलाय की घालीन तर चित्रातलाच ड्रेस घालीन. मादामचं ते चित्र गं. माझ्या हॉलमध्येच लावलंय. त्याच्याखाली बसून तिने बारावीपर्यंत होमवर्क केला.

न्यू यॉर्कच्या दोन नावाजलेल्या शिवणाऱ्या बायकांना दाखवलं. पुढची बाजू जमते, पाठ जमत नाही. चित्रात पाठ काढलेलीच नाही ना. ती आता कुणाला ठाऊक असेल तर तुलाच. शिवशील का? तिकडे ॲन आर्बरला मादामच्या शिवणाच्या दुकानात आपण दोघी होतो, ते दिवस आठव आणि हो म्हण.

तुझी,
रत्ना

*

ॲन आर्बर, मिशिगन
२० जानेवारी २०२५

रत्नास,

पहिल्याच शब्दाला ठेच. 'सौ.' काय लिहितेस? जगन्नाथला जाऊन सहा वर्षं झाली. तू सांत्वनाचं कार्ड पाठवलं होतंस, छापील, आत फक्त सही. लक्षात नसेल. तुझ्या लक्षात काय राहतं आणि काय नाही हे मला चांगलं माहीत आहे.

'पाठ तुलाच ठाऊक असेल' हे वाक्य मी तीनदा वाचलं. १९८८ च्या पेपरात तर छापलं होतं की मादामच्या चित्रावरून तो ड्रेस रत्नाने शिवला. फोटोही आहे, ड्रेसशेजारी तू, गळ्यात टेप. मग तुला पाठ ठाऊक नाही? स्वतः शिवलेल्या ड्रेसची पाठ बाई विसरते कशी?

तू विसरली असशील म्हणून सांगते. चार महिने मी तो ड्रेस शिवत होते. मादाम तरुणपणी पॅरिसच्या कपड्यांच्या पेढीत ड्रेसची चित्रं काढायची, पण ती पाठ तिने कागदावर कधीच उतरवली नाही. मांजरपाटाचा तुकडा माझ्या अंगावर टाकून तिने ती मला हाताने शिकवली. तू काजं करत होतीस आणि बटणं लावत होतीस. पेपरवाला आला त्या आठवड्यात मी देशात, नाशिकला होते, माझे वडील, अण्णा, गेले म्हणून. परत आले तर दुकानाच्या काचेवर तुझा फोटो.

तेही मी गिळलं. पण चौऱ्याण्णवमध्ये मादाम गेली आणि तिने लिहून ठेवलं होतं, 'हे चित्र, ज्या मुलीने तो ड्रेस शिवला तिला द्यावं.' नाव घातलं नाही बिचारीने, तिला वाटलं सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा आईच्या ऑपरेशनसाठी पुन्हा देशात. तू वकिलाकडे ते कात्रण घेऊन गेलीस आणि चित्र उचललंस. मी आले तेव्हा भिंतीवर एक फिकट चौकोन होता आणि चार टाचण्यांची भोकं.

तर जुने दिवस मला नीट आठवतात. आठवण करून दिल्याबद्दल आभार.

सुलभा

*

पिस्कॅटवे
३० जानेवारी २०२५

प्रिय सुलभा,
नमस्कार.

जगन्नाथरावांचं खरंच चुकलं माझं. माफ कर.

बाकीचं तू अजून उगाळत बसली असशील असं वाटलं नव्हतं. पेपरवाल्याने विचारलं, मी समोर होते, त्याने त्याच्या मनाने लिहिलं. वकिलाला कागद हवा होता, माझ्याकडे कागद होता. माझ्या नवऱ्याची, प्रसादची, नोकरी तेव्हा गेलेली, इकडे येऊन मी दुकान टाकत होते, भिंतीवर काहीतरी हवं होतं ज्याच्याकडे बघून गिऱ्हाईक आत येईल. तुझ्याकडे हात होता. माझ्याकडे काय होतं?

पण हे आपल्या दोघींतलं. पोरीने काय केलंय? ती मला देवासारखं मानते गं. निमंत्रणपत्रिकाही छापून झाली. एक सोबत पाठवते, म्हणजे तुला कळेल सगळं किती पुढे गेलंय.

तुझी,
रत्ना

*

ॲन आर्बर
७ फेब्रुवारी २०२५

रत्नास,

पत्रिका पाहिली. सोनेरी अक्षरं, जाड कागद. खाली इंग्रजीत ओळ: 'वधूचा पोशाख तिच्या आजीने, रत्ना यांनी, १९८८ मध्ये प्रथम साकारला.' ही ओळ मला दाखवायची हिंमत झाली की तू ती वाचलीच नाहीस? मला वाटतं वाचली नसशील. खोटं इतकं अंगवळणी पडलंय की तुला ते खोटं म्हणून दिसतच नाही.

शिवीन. दोन अटी.

एक, मूळ चित्र इकडे पाठव. फोटो नको, झेरॉक्स नको. त्यावर टाचलेल्या कापडाच्या तुकड्याचा पोत हाताला लागल्याशिवाय मी कापड घेणार नाही.

दोन, तो ड्रेस कुणी शिवला हे एका वाक्यात, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहून पाठव. एकच वाक्य. ते हातात पडेपर्यंत माझी कात्री पेटीत.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

सुलभा

*

पिस्कॅटवे
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुलभा,

चित्राची उत्तम रंगीत प्रत पाठवते आहे. मूळ कागद जुना झालाय, पोस्टात फाटला तर? कापड निळं-राखी, तुला आठवत असेलच.

आणि तुला हवं ते वाक्य: तो ड्रेस आपण शिवला.

झालं समाधान? आता सुरू कर. दिवस थोडे आहेत.

रत्ना

*

ॲन आर्बर
२५ फेब्रुवारी २०२५

रत्नास,

'आपण'? म्हणजे तू आणि मी? बटणं लावली म्हणून ड्रेस शिवला, तर पोस्टमननेच तुझं पत्र लिहिलं म्हणायचं. उसव आणि पुन्हा घाल.

प्रत परत पाठवते आहे. इस्त्रीखाली ठेवायला बरी होती.

सुलभा

*

पिस्कॅटवे
५ मार्च २०२५

सुलभा,

तो ड्रेस मादामच्या दुकानात शिवला गेला आणि त्यात तुझा फार मोठा वाटा होता.

आता अंत पाहू नकोस.

रत्ना

*

ॲन आर्बर
११ मार्च २०२५

रत्नास,

'शिवला गेला'? मशीनवर तो स्वतः जाऊन बसला होता की काय? कर्ता कुठे आहे? शाळेत तुझं व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं होतं असं तूच सांगायचीस.

वाटाही नको. वाटे मटणाचे करतात.

मे महिना जवळ येतोय. मला घाई नाही.

सुलभा

*

पिस्कॅटवे
१४ मार्च २०२५

डिअर सुलभा आजी,

मी रुही. मी फोनवर इंग्लिश अक्षरांनी मराठी टाइप करते, फोन ते मराठी करून देतो, मग प्रिंट काढलं. चुका असतील, सॉरी. हाताने लिहिलेलं जोडाजोडीचं मराठी मला वाचता येत नाही, सो प्लीज मला लिहिलंत तर मोठं लिहा.

आजी म्हणाली तुम्ही पूर्वी तिच्या हाताखाली काम करायच्या आणि तुम्हाला तिची पद्धत आठवते. दॅट इज सो कूल. तिची बोटं दुखतात म्हणून तुम्ही करताय, थँक यू सो मच. माझी मापं खाली लिहिली आहेत.

आजी म्हणाली कलर कॉपी पाठव, पण मला वाटलं की ज्या व्यक्तीने शिवायचं तिला ओरिजिनल पाहिजे ना? सो मी ते भिंतीवरून काढलं आणि दोन पुठ्ठ्यांत पॅक केलं. आजी जरा अपसेट झाली. मी म्हटलं, आजी, रिलॅक्स, ती तुझीच फ्रेंड आहे.

एप्रिलमध्ये ट्रायलला येते.

लव्ह,
रुही

*

पिस्कॅटवे
१७ मार्च २०२५

सुलभा,

मी बाजारात गेले होते तेवढ्यात पोरीने चित्र पाठवून दिलं. आता तुझ्या हातात सगळंच आहे.

रुही १७ मेच्या रात्री जेवणाला एक छोटी फिल्म दाखवणार आहे. त्यात ते कात्रण आहे, माझा फोटो आहे. चारशे माणसं असतील. ड्रेस नसेल तर ती विचारेल का नाही, आणि मी काय सांगू? म्हणून लिहिते. मनापासून नाही, धाकाने लिहिते, हेही लिहून ठेवते.

तो ड्रेस तू शिवलास. एकटीने. पाठ, पुढा, अस्तर, सगळं. मी फक्त काजं केली आणि बटणं लावली. पेपरवाल्याला मी खोटं सांगितलं आणि वकिलालाही. चित्र तुझं होतं, मला माहीत होतं.

वाचून जाळून टाक. रुहीला हे कळता कामा नये. बाकी मला काहीही म्हण.

रत्ना

*

ॲन आर्बर
२४ मार्च २०२५

रत्नास,

आत्ता कुठे नीट वाक्य आलं. आणि 'धाकाने लिहिते' हेही आवडलं. तीस वर्षांत तुझं हे पहिलं खरं पत्र.

चित्र पोचलं. पुठ्ठा उघडला. मादामची ती एका झटक्यात ओढलेली काळी रेघ, खांद्यापासून कमरेपर्यंत. बाईला चेहरा नाही, फक्त एक भुवई, आणि तेवढ्यावर ती जगाला तुच्छ लेखते आहे. कोपऱ्यात सत्तेचाळीस आकडा, आणि गंजलेल्या टाचणीला लटकलेला तो निळसर राखी तुकडा. टाचणीचा डाग कागदात उतरलाय. तू एवढी वर्षं त्याला काचेत कोंडून ठेवलंस, एकदाही ती टाचणी बदलावी असं वाटलं नाही? शिवणाऱ्या बाईला वाटलं असतं.

चित्र आता परत येणार नाही. मादामने लिहिलं होतं तिकडे ते पोचलंय, आणि तुझ्याच हातचा कागद माझ्याकडे आहे.

कापड आणलं. उद्या मांजरपाटाचा नमुना कापते.

सुलभा

*

पिस्कॅटवे
२२ एप्रिल २०२५

डिअर सुलभा आजी,

ट्रायलला किती मजा आली! तुम्ही तोंडात टाचण्या धरून बोलत होतात आणि मला काहीच कळत नव्हतं. तो पाठीचा घोळ तुम्ही नुसत्या कापडाचा माझ्या खांद्यावर टाकलात आणि आरशात बघून मी रडले. तुम्ही मला 'उभी राहा सरळ, रडताना माप बदलतं' म्हणालात. मी हे अनीशला सांगितलं, तो अजून हसतोय.

तिथे एक सांगायला लाजले. आम्हाला बेबी होणार आहे! १७ मेला काही दिसणार नाही, पण जुलैला फ्रिस्कोपर्यंत नक्की दिसेल. आणि मला तिथेही हाच ड्रेस घालायचाय.

आजीला सांगितलं तर ती म्हणाली, सुलभाला लगेच लिही, 'माया ठेव म्हणावं, चार बोटं तरी.' मला वाटलं हे किती गोड आहे! तुम्ही दोघी इतकी वर्षं भेटला नाहीत आणि ती म्हणते माया ठेव. मी विचारलं, आजी, यू मिस हर? तर ती किचनमध्ये निघून गेली. आय थिंक ती रडत होती. प्लीज तुम्हीही तिच्यावर माया ठेवा.

लव्ह,
रुही

*

ॲन आर्बर
९ मे २०२५

रत्नास,

ड्रेस या पत्रासोबत येतोय. खोका आडवा ठेवा, उभा नको. कापड उरेब आहे, तिरकं कापलेलं, आल्या आल्या टांगू नका, नाहीतर एका बाजूला ओघळेल. इस्त्री उलट्या बाजूने, वर ओला पंचा टाकून.

तुझी नात गोड आहे. तुझ्यावर गेलेली नाही. 'माया ठेव' हे तिला तुझं माझ्यावरचं प्रेम वाटलं. मी तिला समजावलं नाही की शिवणाऱ्या बाया शिलाईच्या आत सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. ट्रायलच्या दिवशी तिच्या पाठीवर टाचण्या लावताना माझ्या मनात काय काय आलं ते तुला सांगते. एक शिलाई कच्ची ठेवायची, धावदोऱ्याची. चारशे माणसांत पहिल्या गिरकीला उकलली असती. हात तिथपर्यंत गेलाही होता. मग ती आरशात रडली. त्या पोरीच्या अंगावर मी सूड शिवणार नाही. माझं भांडण तिच्याशी नाही.

तुझ्याशी आहे.

तर तू सांगितलंस तशी माया ठेवली आहे, प्रत्येक शिलाईला चार बोटं. आणि एका मायेच्या घडीत, अस्तराच्या आत, तुझं १७ मार्चचं पत्र शिवलं आहे. मेणकागदात गुंडाळून, चहूबाजूंनी टाके घालून. जाळलं नाही. कागद चांगला होता.

कुठल्या शिलाईत ते सांगत नाही. ड्रेसला बारा शिलाया आहेत. हवं तर उसवून बघ. पण पुन्हा घालता येणार नाहीत, तुला पाठ येत नाही.

१७ तारखेला पहिल्या रांगेत बस.

सुलभा

*

पिस्कॅटवे
२९ मे २०२५

सुलभा,

बसले होते पहिल्या रांगेत.

ड्रेस कसा झाला होता ते तुला सांगायची गरज नाही. लोक उभे राहिले. फिल्म लागली, कात्रण आलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. रुही मला ओढून स्टेजवर घेऊन गेली आणि माझ्याभोवती गिरकी घेतली. ती वळली की आत काहीतरी सळसळायचं. सगळ्यांना आतल्या नेटचा आवाज वाटला असेल. मला माझं अक्षर ऐकू येत होतं.

सात शिलाया चाचपून पाहिल्या. हाताला काही लागत नाही. ही बोटं आता काही कामाची नाहीत.

जुलैच्या रिसेप्शनसाठी ती ड्रेस मोठा करायला काढणार. इथल्या बाईकडे नेऊ नको म्हटलं तर म्हणते, सुलभा आजीला विचारते. सुलभा, तिला दुसरी शिलाई सांग. एवढं कर. मी पाया पडते तुझ्या.

रत्ना

*

पिस्कॅटवे
१६ जून २०२५

डिअर सुलभा आजी,

ड्रेसबद्दल सगळे अजून बोलतायत. पण आता चेन वर जात नाही! बेबी मोठी होतेय. मुलगी आहे.

आजीला म्हटलं, तू शिकवलेलंच आहे ना सगळं, तूच उसवून दे. ती म्हणाली, हात लावू नकोस त्याला, कधीच नको, नवीन ड्रेस घेऊन देते. पण मला हाच पाहिजे. इथे एक बाई आहे, ती मोठा करून देईल, पण म्हणाली आधी शिवणाऱ्यांना विचार, कुठून उघडायचं.

सो, कुठून उघडू?

आणि आजी हल्ली खूप गप्प असते. तुम्ही तिला एक छान पत्र लिहाल का?

लव्ह,
रुही

*

ॲन आर्बर
२३ जून २०२५

चि. रुहीस,
अनेक आशीर्वाद. मुलगी आहे हे वाचून आनंद झाला.

तुला वाचता यावं म्हणून मोठी आणि सुटी अक्षरं काढली आहेत. सावकाश वाच.

तुझ्या आजीने तुझ्याकरवी मला माया ठेवायला सांगितलं होतं. शिवणकामात माया म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं कापड, पुढे कधी लागेल म्हणून. बाहेरून दिसत नाही. ड्रेस घालणाऱ्याला ती आहे हे माहीतही नसतं. तुझ्या ड्रेसला ती भरपूर आहे, बाळ होईपर्यंत पुरेल. त्या बाईंना सांग, उजव्या बाजूच्या शिलाया उघडा, पाठीला हात लावू नका.

चित्र माझ्याकडे आहे. माझ्यामागे ते तुझ्या मुलीला मिळेल असं मी लिहून ठेवलं आहे. 'रुहीची मुलगी' असं तुझं नाव घालून. नाव घातलं नाही की काय होतं ते मी पाहिलं आहे.

आता तू विचारलंस ते. डाव्या बाजूची, काखेपासून कमरेपर्यंतची शिलाई त्या बाईंकडे देऊ नकोस. ती तू स्वतः घरी उघड. कात्री नको, पातं घे, आणि एकेक टाका तोड. अस्तराच्या आत मेणकागदाची एक घडी लागेल. ती फाडू नकोस. त्यात एक पत्र आहे, हाताने लिहिलेलं, जोडाजोडीचं. तुला ते वाचता येणार नाही.

अक्षर तुझ्या आजीचं आहे. तिच्या समोर बस आणि तिच्याकडूनच वाचून घे.

तुझी,
सुलभा आजी